एकमताने वगळलेलं वाक्य

गांजा कायद्याने मोकळा करायचा की नाही यावर समितीचा खल सुरू होऊन सव्वा महिना झाला होता, आणि लघुलेखिकेला विचाराल तर एवढ्या दिवसांत त्या लांबलचक टेबलाभोवती एकही शहाणा शब्द बोलला गेला नव्हता. तिला माहीत असणारच. प्रत्येक शब्द तिच्याच बोटांखालून जात होता. जे बोललं जाईल ते जसंच्या तसं उतरवायचं, कुणी हसलं तर कंसात 'हशा' लिहायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. एकवीस वर्षं ती हेच करत आली होती.

डोकं चालवलं असतं तर पहिल्याच आठवड्यात तिने लघुलेखनाचं यंत्र उचलून कुणाच्या तरी टाळक्यात घातलं असतं. डॉक्टर म्हणून घेतलेला सभासद कुठूनही सुरुवात करून स्वतःच्या पुस्तकावर यायचा. बारमालकांचा पुढारी 'पिढी बरबाद होईल हो' म्हणून गळा काढायचा. तीच पिढी याच्या दारात ओकत पडलेली असते, ते कोण बोलणार? एक अख्खा दिवस गांजाच्या दुकानाची पाटी हिरवी असावी की पांढरी यात गेला. बाजूचे काय आणि विरोधातले काय, दोघांनीही अक्कल सारखीच गहाण टाकलेली.

तिला घेणंदेणं होतं ते फक्त मसुद्यातल्या चौदाव्या कलमाशी. खिशात चिमूटभर गांजा सापडला म्हणून जे आत बसलेत त्यांना सोडावं, एवढंच त्यात होतं. तिचा धाकटा भाऊ आत होता. दोन वर्षं झाली होती, तीन बाकी होती. हे तिने ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी तिच्या खुर्चीवर दुसरं कुणी दिसलं असतं.

शेवटच्या बैठकीत अध्यक्ष रंगात आले. "अहो, आपण तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहोत? कॉलेजात असताना हॉस्टेलच्या गच्चीवर मी दोन वर्षं रोज ओढलाय. बिघडलं का काही?"

सगळे खो-खो हसले. तिने कंसात 'हशा' लिहिलं.

मग चौदावं कलम आलं. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि चेहरा गंभीर केला. "हे गाळू या. तेव्हा कायदा होता, तो मोडला, आता भोगा म्हणावं. गुन्हेगार सोडले असं उद्या कुणी आपल्याला म्हणायला नको."

सव्वा महिना एकमेकांवर गुरगुरणारे डॉक्टर आणि बारमालक यावर मात्र चटकन एक झाले. कलम चार मिनिटांत गेलं.  तिची बोटं तेवढी चालत राहिली.

चहाच्या सुट्टीत अध्यक्ष तिच्या टेबलाशी आले. "बाई, ते गच्चीवरचं काढून टाका बरं. घरी नातवंडं आहेत."

"मला काढता येत नाही, साहेब. वाक्य समितीपुढे पूर्ण वाचायचं आणि मग मत घ्यायचं, असा नियम आहे."

"मग वाचा की. त्यात काय."

तिला वाटलं, आता तरी कुणीतरी जीभ चावेल. कलम गाळल्यागाळल्या हे वाक्य कानावर पडलं की एखादा तरी म्हणेल, थांबा, ते पुन्हा घेऊ या. एकवीस वर्षं लोकांचं बोलणं उतरवून बोलण्यावर तिचा असा वेडा विश्वास बसला होता. सुट्टी संपल्यावर तिने समितीपुढे सावकाश वाचलं, एकेक शब्द सुटा करून, 'हशा'सकट.

पुन्हा हशा झाला. सगळे हात वर गेले. 'वाक्य एकमताने वगळण्यात आले', असं तिने लिहिलं. असल्या कोडग्यांकडून लाजेची अपेक्षा केली, हा आपलाच गाढवपणा, असं तिने स्वतःला सुनावलं.

रविवारी तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत, काचेपलीकडे बसलेल्या भावाला तिने सगळं सांगितलं. कलम गेलं हे त्याने खाली मान घालून ऐकलं. अध्यक्षांच्या वाक्याचं ऐकल्यावर मात्र त्याने मान वर केली.

"मीसुद्धा कोर्टात एकच वाक्य बोललो होतो, ताई. 'हो, माझाच आहे.' वकील गप्प बस म्हणत होता. खरं ते सांगून टाक, असं तू म्हणालीस."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला त्याच्याशी निदान भांडता तरी आलं असतं.