हात केला की गाडी थांबते

जानराव एसटीतून रिटायर झाले त्याला चार वर्षं झाली, पण एसटी काही जानरावांतून उतरली नव्हती. एकतीस वर्षं कारंजा-मानोरा रस्त्यावर गाडी हाकलेला माणूस, उजव्या गुडघ्यानं दगा दिला आणि बसला घरी. कामरगावातल्या आपल्या ओट्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या जीपवाल्यांच्या चुका काढायच्या, एवढंच काम उरलं. शेवटी पोरीला, पौर्णिमाला, बापाची दया आली. अकोल्याला नर्स आहे ती. सुट्टीत आली तशी आपला जुना लॅपटॉप, एक जडसं स्टिअरिंग आणि बस चालवायचा गेम बापापुढं मांडला, आणि तो गेम खेळणाऱ्यांच्या 'लाल गाडी' नावाच्या इंटरनेटवरच्या मराठी मंचावर त्यांचं नाव घालून परत गेली.

म्हातारा हरखला. का नाही हरखणार? मंचावरच्या कुणा कारागिरानं हुबेहूब कारंजा-मानोरा रस्ताच बनवून ठेवला होता. तोच इंझोरीचा फाटा, तीच वळणं, आणि दर फाट्यावर उन्हात हात वर करून उभी असलेली माणसं. दर रविवारी पाच वाजता मंचातले सात जण सात गाड्या एकामागं एक लावून या रस्त्यानं फेरी मारत. जानरावांचा आठवडा म्हणजे तो एक तास, बाकी सगळं वाट पाहणं.

आता मंच म्हटला म्हणजे कायदे आले. बावीस नियम! जानरावांनी त्यातला एकही वाचला नाही. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक चर्चेखाली जाऊन 'जय भीम, सुप्रभात' लिहून आले, चांगलं चाळीस ठिकाणी. गावात माणूस दिसला की बोलावं लागतं, तसंच पुढं गेलं तर लोक म्हणतात माजला. मंचावर त्याला कचरा म्हणतात हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? मंच सांभाळणारी वैभवी, वाशिमची कॉलेजातली पोर, तिनं चाळीसही पुसून टाकले आणि लिहिलं, 'काका, एकदाच, ओळखीच्या पानावर.' ते त्यांनी निमूट ऐकलं.

खरा घोळ केला नवव्या नियमानं. 'सामूहिक फेरीत ठरलेल्या थांब्याशिवाय गाडी उभी करू नये.' पहिल्या रविवारी फाट्यावर एका बाईनं हात केलेला दिसला आणि जानरावांनी गाडी उभी केली, दार उघडलं. मागच्या तीन गाड्या एकमेकींवर जाऊन आदळल्या. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. मग वैभवीनं स्पष्टच लिहिलं, 'काका, ती माणसं शोभेची आहेत, ती कधीच चढत नाहीत. ही दुसरी सूचना. तिसऱ्यांदा झालं तर तुम्हाला फेरीतून काढावं लागेल. नियम सगळ्यांना सारखा.'

हे चष्मा लावून मोठ्यानं वाचून दाखवलं ते जानरावांच्या मंडळींनी, रुख्मिणीबाईंनी.

"काहून थांबता तुमी?" त्या म्हणाल्या. "चित्रं आहेत ते."

"मले मालूम आहे चित्रं आहेत. पन त्यानं हात केला ना वं. आपुन तसेच पुढं निंघून गेलो तर तो हात खाली घेते. मले ते नाई पाहवत."

खरं होतं ते. एकतीस वर्षांत या माणसानं हात करणारा प्रवासी रस्त्यावर सोडला नव्हता. त्यापायी उशिराबद्दल साहेबांच्या किती शिव्या खाल्ल्या, ते रुख्मिणीबाईंनाच माहीत.

पण बाई हुशार. नवरा कुणाचं ऐकत नसला तरी कंडक्टरच्या घंटीचं ऐकतो, हे त्या ओळखून होत्या. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चाल, मग आभाळ कोसळो. तिसऱ्या रविवारी त्या स्टीलची ताटली आणि चमचा घेऊन शेजारी बसल्या. फाट्यावर हात दिसला की यांची दोनदा टणटण. जानरावांचं बोट स्टिअरिंगवरच्या ब्रेकच्या बटणाकडं जायचं आणि माघारी यायचं. असे एक-एक करत सात फाटे गेले, गाडी वेळेवर मानोऱ्यात. वैभवीनं 'शाब्बास काका' लिहिलं, पोरांनी टाळ्यांची चित्रं पाठवली.

आणि जानराव जेवले नाहीत. भूक नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टिअरिंगवर फडकं टाकलं.

"आता बस झालं," ते म्हणाले. "सात जनाईले रस्त्यात टाकून आलो म्या."

रुख्मिणीबाईंच्या जिवाला लागलं. नवऱ्याची जागा वाचवायला गेलो आणि आपल्याच हातानं त्याची गाडी बंद पाडली! दोन दिवस त्यांना घास गोड लागला नाही. मग जानराव ओट्यावर असताना त्यांनी लॅपटॉप उघडला, मंचावर 'बिघाड आणि दुरुस्ती' असं पान दिसलं, ते बरं वाटलं, आणि एका बोटानं अर्धा तास लिहिलं.

'वैभवी बेटा, जय भीम. आमच्या ड्रायव्हरमधी बिघाड आहे. कोनी हात केला की तो थांबते. एकतीस वर्षाचा जुना बिघाड आहे, आता दुरुस्त होत नाई. म्या घंटी देऊन चालवून पाह्यलं तर मानूस जेवत नाई. तुमचा नियम बराबर आहे, मागच्याले लागते. पन मागं कोनी नसनच तर कोनाले लागन? रुख्मिणी.'

जानरावांना कळलं तेव्हा ते भयंकर चिडले. "घरातली गोष्ट चावडीवर काहून नेली?" दिवसभर अबोला. मंचावरूनही उत्तर नाही. आपण नवऱ्याचं हसं केलं, असं वाटून बाई चुलीपाशी डोळे पुसत बसल्या.

सकाळी वैभवीचं उत्तर आलं. 'काकू, हे पान गाड्यांच्या बिघाडासाठी आहे. चुकीच्या जागी लिहिलं, ही तुमची पहिली सूचना.'

रुख्मिणीबाईंचं तोंड उतरलं. खाली आणखी काही होतं, ते त्यांनी घाबरत घाबरत वाचलं.

'काकांचा नंबर या रविवारपासून सातवा. नवव्या नियमाखाली एक ओळ घातली आहे, त्यांना वाचून दाखवा: शेवटची गाडी हात करणाऱ्या प्रत्येकासाठी थांबेल. पुढच्यांनी मानोऱ्यात तिची वाट पाहावी.'

जानरावांनी ती ओळ तीनदा वाचून घेतली. उठून स्टिअरिंगवरचं फडकं काढलं आणि त्याच फडक्यानं ते पुसायला लागले.

रविवारी सहा गाड्या पुढं निघून गेल्या. पहिल्या फाट्यावर एक म्हातारा हात वर करून उभा होता. रुख्मिणीबाईंनी एकदा ताटली वाजवली. गाडी थांबली, दार उघडलं. जानराव सरळ समोर बघत होते, दाराकडं बघणं हे काही ड्रायव्हरचं काम नाही.

"बसला काय?" त्यांनी विचारलं.

रुख्मिणीबाईंनी पडद्याकडं पाहिलं. म्हातारा होता तिथंच, हात तसाच वर.

"बसला," त्या म्हणाल्या. "मांगं जागा आहे अजून. चाला." आणि दोनदा टणटण केलं.