घटाशी बसवलेली टोपी

"आणि ही?" गोदावरीबाईंनी पदराखालून कातड्याची टोपी काढून नवऱ्यापुढे धरली. "ही पण बसवा की."

नरसिंगराव पाटावर बसून तलवारीला तेल लावत होते. लाल कापडावर घट मांडून झाला होता, मुहूर्त जवळ आला होता, आणि अशा वेळी बायकोने नवीन काही काढलं की त्यांचं डोकं फिरायचं.

"टोपी? अगं, इथं हत्यारं बसवतात. टोपी काय हत्यार हाय?"

"तुमची तलवार तुमच्याजवळ हाय. आपल्या पोराचं उडायचं इमान तिकडं बंगालात. ते उचलून आणून बसवूया काय? ही घातल्याबिगर तो उडत नाही नव्हं? मग त्याचं हत्यार हेच."

नरसिंगराव म्हैसूर लान्सर्समधले निवृत्त दफेदार. पहिल्या महायुद्धात ते भाला घेऊन घोड्यावरून हैफाला पोचले होते आणि तेव्हापासून, लष्कर मोहल्ल्यातल्या लोकांच्या मते, तिथून परत आलेच नव्हते. चहाला बसले तरी हैफा, दाढीला बसले तरी हैफा. बायकोचं म्हणणं त्यांना एकदम पटलं. त्यांनी टोपी घेतली, कानांवरच्या गोल चकत्या पुसल्या, हनुवटीखालचा पट्टा नीट आवळला आणि ती तलवारीशेजारी ठेवली. हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. टोपी बसली.

गोदावरीबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांच्या मनात काय होतं ते त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

या घराण्याचा एक कडक नियम होता. घटाबरोबर बसलेलं हत्यार दसऱ्याला घट उठेपर्यंत जागचं हलवायचं नाही. जो उचलील त्याचं खरं नाही. नरसिंगरावांचे चुलते भुजंगराव ऐन नवरात्रात हुकूम आला म्हणून तलवार उचलून गेले होते, ते परत आले नाहीत. ही गोष्ट सांगताना नरसिंगरावांसारख्या माणसाचाही आवाज खाली यायचा. बायकांनी तर बसलेल्या हत्यारांना शिवायचंसुद्धा नाही. फुलं लांबून द्यायची.

खंडोजीरावाची, म्हणजे त्यांच्या खंडूची, रजा अष्टमीला संपत होती. टोपी अडकली की पोरगा अडकला, दसरा होईपर्यंत तरी तो घरात राहिला, असा या माउलीचा साधा हिशेब. दोन दिवसांनी लढाई थोडीच संपणार होती. पण ते दोन दिवस तो जिवंत आहे हे डोळ्यांनी दिसणार होतं, आणि तेवढ्यासाठी त्या देवीलाही फसवायला तयार झाल्या होत्या.

खंडू घरी आला तेव्हा छातीवर जांभळी-पांढरी तिरप्या रेघांची पट्टी होती. ब्रह्मदेशात आराकानच्या जंगलात जपान्यांचा पूल त्याने विमानातून उडवला होता आणि फाटक्या पंखानिशी परत आला होता. त्याबद्दल विलायतेच्या बादशहाचं पदक. नरसिंगरावांनी ही हकीकत देवराज मार्केटातल्या प्रत्येक दुकानदाराला सांगून टाकली होती. आता रजा दोन दिवस वाढली की जंबूसवारीच्या मिरवणुकीला, ऐन दसऱ्याच्या दिवशी, पोराला युनिफॉर्म घालून रस्त्याच्या कडेला उभा करायचा आणि सगळ्या म्हैसूरला दाखवायचा, एवढंच बाकी होतं.

गोदावरीबाईंना पदकातलं काही कळत नव्हतं. पोरातलं कळत होतं. जेवताना तो डावा हात मांडीखाली दाबून बसायचा, कारण तो थरथरायचा. परसात मासळीच्या तुकड्यावर घार झेपावली तेव्हा त्याने तोंड फिरवलं आणि भिंत धरली. त्याच दिवशी त्यांनी त्याच्या ट्रंकेतली टोपी काढून लपवून ठेवली होती.

पंचमीला तार आली. रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा.

"आला हुकूम!" नरसिंगराव ताठ उभे राहिले, जणू तार त्यांनाच आली होती. "पाऊस संपला तिकडं. आता खरी लढाई. जंबूसवारी राहिली, होगली, जाऊ दे, पुढच्या वर्षी बघूया. उद्या सकाळच्या गाडीनं निघ."

"आणि टोपी?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"टोपी बसलीय. ती कशी उचलायची? सरकारकडं टोप्यांना काय तोटा? दुसरी घेईल."

"हो अप्पा, दुसरी मिळते," खंडू म्हणाला. पण म्हणताना तो देवघराकडे बघत होता, आणि ते गोदावरीबाईंनी पाहिलं.

दुपारी तो परसात धुण्याच्या दगडावर बसला होता. गोदावरीबाई त्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

"खरं सांग खंडू. दुसरी टोपी चालते?"

"चालते की."

"सुम्ने, उगाच खोटं बोलू नको. मी आई हाय तुझी."

तो दगडावरचं शेवाळ नखाने खरवडू लागला. मग हळू आवाजात म्हणाला, "वेंकटेश म्हणून एक दोस्त होता माझा. बेंगळूरचा. त्याची टोपी पावसात भिजली म्हणून एक दिवस दुसऱ्याची घालून गेला. आला नाही. तसे आणखी दोघं. आता आमच्यात कुणी टोपी बदलत नाही, अव्वा. साहेब लोकसुद्धा नाही. येडेपणा हाय, ठाऊक हाय मला. पण वर गेल्यावर तोच धीर असतो."

"वर काय असतंय रे?"

"वर काही नसतंय. खाली जायचं असतंय." त्याने हाताचा पंजा उभा केला आणि सरळ जमिनीकडे नेला. "चामुंडीच्या डोंगरावरनं डोकं खाली करून उडी मारावी तसं. झाडं मोठी मोठी व्हायला लागतात. खालनं ते मारत असतात. आपण बाजूला व्हायचं नाही, शेवटपर्यंत नाही. मग बाँब सोडायचा आणि वर ओढायचं. ओढताना डोळ्यांपुढं अंधार येतो. तेवढ्यात जिवंत हाय की नाही ते कळत नाही." त्याने पंजा मागे घेतला. "मला भ्या वाटतंय, अव्वा. पहिल्यांदा वाटलं नाही. पदक मिळाल्यापासून रोज वाटतंय. अप्पांना सांगू नको."

सहा फूट उंचीचा, बादशहाने पदक दिलेला तो माणूस आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बसला. गोदावरीबाई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या आणि मनातल्या मनात स्वतःला बोल लावत राहिल्या. पोराला वाचवायला गेले आणि आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. टोपी ठेवून गेला तर तिकडचा धाक त्याला गिळणार. उचलून नेली तर इकडचा दोष त्याच्या डोक्यावर. कुठे जायचं या पोराने?

त्या दिवशी त्यांना अन्न गेलं नाही.

सकाळी जटका दाराशी आला. घोडा मान हलवत होता, ट्रंक चढली होती. नरसिंगराव उंबरठ्यात उभे राहून पोराला उपदेश करत होते. "शत्रूला पाठ दाखवायची नाही. आम्ही हैफाला..."

"अप्पा," खंडू एकदम म्हणाला, "टोपी नेऊ का मी?"

नरसिंगरावांचा चेहरा उतरला. मिशीआड लपवलेली भीती त्या एका क्षणात सगळी बाहेर आली. "बेडा, नको खंडू," ते म्हणाले. "बेडा रे बाळा. माझ्या काकानं उचलली होती. तू हात लावू नको. तुझ्या पाया पडतो."

खंडूने मान खाली घातली. डावा हात खिशात घातला.

तेव्हा गोदावरीबाई आत गेल्या.  बत्तीस वर्षं या देवघरात त्यांनी फुलं लांबून दिली होती. आज त्या लाल कापडापर्यंत गेल्या, वाकल्या, आणि दोन्ही हातांनी टोपी उचलली. तिच्यावरचं वाळलेलं फूल घटात पडलं.

"अगं!" मागून नरसिंगराव ओरडले. "काय केलंस हे! हात कसा लावलास?"

"लावला." त्या देवीकडेच बघत होत्या. "आई, नीट बघून ठेव. उचलली ती मी. त्यानं हात लावलेला नाही. दोष लागायचा तो उचलणाऱ्याला, असंच हाय नव्हं तुझं? मी गोदावरी. घर सोडून कुठं जात नाही. इथंच सापडेन."

त्या बाहेर आल्या. कुंकवाचे कण झाडले आणि टोपी पोराच्या हातात दिली.  तो पायांवर वाकला, त्याने त्यांची पावलं घट्ट धरली, आणि त्यांनीच त्याला उठवून जटक्यात बसवलं. जटका वळणाआड जाईपर्यंत नरसिंगराव खांबाला धरून उभे होते. हैफाचं नाव त्यांनी त्या दिवशी पुन्हा काढलं नाही.

दसरा गेला. दिवाळी गेली. खंडूची खुशाली येत होती, पण ती यायला पंधरा-पंधरा दिवस लागत, आणि पंधरा दिवसांत काय काय होऊ शकतं हे गोदावरीबाईंना आता पक्कं ठाऊक होतं. आकाशात घार दिसली की त्या घरात यायच्या. त्यांची स्वतःची तब्येत मात्र ठणठणीत होती, आणि हीच त्यांची मोठी काळजी होऊन बसली. विहिरीवर पाय घसरला तर सावरला. अंगणात साप निघाला तो आपल्या वाटेने गेला. देवी आपल्याकडे बघतच नाही, मग बघते तरी कुणाकडे? या विचाराने त्या झोपेतून दचकून उठायच्या.

मार्गशीर्षात त्यांना ताप भरला.

सुब्बराव डॉक्टर तपासून गेले. बाहेर त्यांनी नरसिंगरावांना काहीतरी हळू आवाजात सांगितलं, औषधाची बाटली दिली आणि रोज तीन वेळा चुकवू नका म्हणाले. नरसिंगराव पेला घेऊन आत आले. गोदावरीबाईंनी ओठ मिटून घेतले.

"घे की गं. कडू नाही."

त्यांनी मान हलवली.

"हट्ट करू नको. फुप्फुसात उतरलाय ताप, डॉक्टर म्हणाले. हे साधं नाही."

"साधं नाही म्हणाले?" गोदावरीबाईंनी डोळे उघडले. "खरंच म्हणाले?"

"म्हणाले."

"मग आलं की देवीचं ते माझ्याकडं," त्या म्हणाल्या. ताप अंगभर होता, तरी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "तिकडं नाही गेलं. इकडंच आलं."

नरसिंगरावांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी पेला पुन्हा गोदावरीबाईंच्या ओठांजवळ नेला. "येडी हायेस तू," ते कसंबसं म्हणाले आणि तिथेच जमिनीवर बसले. "घे गं. मी पाया पडतो तुझ्या."

 गोदावरीबाईंनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं, कूस वळवली, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना गाढ झोप लागली.