रिकाम्या चिमट्यातली वीज

दसरा झाला आणि देवरामदादांच्या हातचा एकही ठोकळा पास होईना! मंजुळाचं तर डोकंच चालेनासं झालेलं. डोंबिवलीच्या त्या कारखान्यात देवरामदादा कित्येक वर्षं वीज अडवणारे पांढरे ठोकळे साच्यात ओतायचे. मंजुळा ते चिमट्यात धरून मीटरवर तपासायची. चांगल्या ठोकळ्यातून वीज गळते ती इतकी नावापुरती, की काटा जेमतेम हलावा. आता काटा सरळ लाल पट्टीत. हा बाद, तो बाद, सगळेच बाद!

"दादा, भट्टी नीट तापते ना?"

"भट्टी तीच, पावडर तीच, हातपण तेच. मलाच काय समजत नाय, पोरी."

साहेबांनी बजावलेलं, शनिवारपर्यंत माल सुधारला नाही तर देवरामला घरी बसवणार. बाळकुमच्या कोळीवाड्यातल्या मंजुळाला हे काम दादांनीच लावून दिलेलं, आणि त्यांना हाकलणाऱ्या तपासणीच्या कागदावर सही तिचीच. तिला घास गोड लागेना.

खंडेनवमीला मीटरची पूजा तिनंच केलेली. चिमट्याच्या तारा जोडलेल्या पुढच्या दोन खिळ्यांच्या मधे पांढरी चकती होती, कपाळासारखी. तिथंच तिनं ओल्या कुंकवाचं बोट लावलेलं. आता ती रोज सकाळी पुन्हा लावायची आणि हात जोडायची, "बाबा रे, आज तरी दादांची लाज राख." मेलं मीटर रोज आणखीच बिथरायचं.

शनिवारी घाबरगुंडीत ती ठोकळा लावायलाच विसरली आणि बटण दाबलं. काटा लाल पट्टीत! चिमटा तर रिकामा. बटण बंद केलं, काटा खाली. चालू केलं, वर.

"अगं बाई, नसलेला ठोकळापण बाद?"

मग वीज जाते कुठून? तिनं बटण बंद करून मीटरला नाक लावलं. कुंकवाचा ओलसर थर या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत पसरलेला. वीज ठोकळ्यातून गळतच नव्हती, कुंकवावरून पलीकडे जात होती! तिनं स्पिरिटच्या बोळ्यानं चकती घासली, सुकू दिली. काटा गपगार. बाद पेटीतले ठोकळे लावले, एकूण एक पास. आनंदानं उडी मारावी की आपल्याच थोबाडीत द्यावी, तिला कळेना.

लाल बोळा मुठीत धरून ती भट्टीकडे पळाली. देवरामदादा पिशवीत डबा भरत होते.

"दादा, तुमचा माल चांगलाच होता. माझ्या कुंकवानं घात केला. तुमच्यासाठीच लावत होते हो..."

दादांनी बोळ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. पिशवी खाली ठेवून त्यांनी आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले.

"भाकर मोडताना पण बघायचो मी यांच्याकडं. वाटायचं, थरथरतात का काय. बायकोला पण सांगितलं नाय." त्यांनी हात खाली घेतले. "साहेबांना बोललीस?"

"नाही. आधी तुमच्याकडे आले."

"चल मग. पण तूच सांग गं. माझ्याच्यानं आता बोलवायचं नाय."