पोटरीतली गाठ आणि बाबांची चूळ

"गेली! गाठ गेली!" सभागृह दणाणलं.

उतरत्या फळीवर पोरगी डोकं खाली, पाय वर करून निजलेली. गाठहर बाबांनी तिच्या पोटरीला तोंड लावलं, चोखलं आणि परातीत लालभडक थुंकले. लिंबाएवढी गाठ खरंच सपाट!

"जन्मोजन्मीचं विष प्यायलोय मी, ह्या गाठीचं काय घेऊन बसलात?" बाबांनी ढेकर दिला. "घरी जाईपर्यंत पाय जमिनीला लागता कामा नये. उचला!"

पोरीची आई दातओठ खात उभी होती. दर वेळी हेच. पाय उंच धरून पोरीला निजवूनच घरी न्यायचं, आणि ती उठून चार पावलं चालली की गाठ परत हजर. बाबा म्हणायचे, घरात कुणीतरी संशयी आहे. सासूबाईंचं बोट लगेच सुनेकडे, "हीच ती अवदसा!" पोर कळवळायची, आणि ऑपरेशनचा विषय काढला की नवरा म्हणायचा, "बाबांचा कोप होईल."

"थांबा!" आई आडवी आली. "बाळा, ऊठ. उभी राहा."

"पाप लागेल!" बाबा किंचाळले.

"लागू दे मला."

पोर उभी राहिली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पोटरी हळूहळू टरारली.

"ही बघा, बाबांनी प्यायलेली गाठ! डॉक्टरीणबाईंनी मला समजावलंय. स्नायूच्या आत जन्मापासून शिरांचा गुंता आहे. पाय वर केला की त्यातलं रक्त उतरतं, खाली सोडला की साचतं. चोखून काय जाणार, कपाळ? हिचा गुंता एकाच स्नायूत आहे, तो कापून काढता येईल." तिने पाण्याचा पेला पुढे केला. "बाबा, चोखा परत. ती उभी असताना. आणि आधी चूळ भरा!"

बाबांनी तोंड गच्च मिटलं. पुढच्या रोग्यासाठी गालात दाबलेली रंगाची पिशवी फुटली आणि लाल ओघळ दाढीत उतरला. नवरा खाली मान घालून म्हणाला, "चल, दवाखान्यात नेऊ."

ऑपरेशन झालं. पोर आधी लंगडत, मग धडधड जिने चढू लागली. आईचा राग मात्र निवला नाही. शिवणयंत्र बंद करून ती रोज सभागृहाच्या दाराशी जाऊन बसे.

"अहो, झालं ना आता? सोडा त्याला," शेजारीण म्हणाली.

"सोडू? माझी पोर रडत होती तेव्हा मेला ढेकर देत होता!"

येणाऱ्या प्रत्येकाला ती अडवी. "आधी रोग्याला उभं करा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि इथून सरळ डॉक्टरकडे जा."

आता सभागृहाला कुलूप आहे. तरी ती जाते, कुलूप ओढून बघते आणि मगच घरी येते.