साबणाचा बर्फ, तांबड्या मुंग्या

या अख्ख्या किनाऱ्यावर माझ्याइतकं शिकलेलं झाड दुसरं नाही. तिसरीपर्यंत शिकलोय मी. म्हणजे, अर्धी तिसरी. आणि खरं सांगायचं तर मी झाडही नाही, पेरूचा एक वाकडा डहाळा आहे. पण बोलतोय ना? मग ऐका.

शाळेच्या मागं पेरूचं झाड होतं. त्याचा मी सगळ्यात खालचा डहाळा. माझं टोक तिसरीच्या खिडकीतून आत जायचं, म्हणून माझं शिक्षण तिसरीचं. वारा सुटला की मास्तरीणबाई खिडकी लावून घ्यायच्या, म्हणून ते अर्धं. पाढे मला सातापर्यंत येतात. आठाच्या दिवशी वादळ होतं.

खिडकीजवळच्या बाकावर दोन पोरी बसायच्या. सालोमे आणि एर्मिनिया. माझे कच्चे पेरू चोरायचं काम या दोघींचं. सालोमे वर चढायची, एर्मिनिया खाली फ्रॉक पसरून उभी राहायची आणि "मास्तर आले" म्हणून खोटंच ओरडायची. मला गंमत वाटायची. मी मुद्दाम सालोमेचे केस धरून ठेवायचो.

पुढं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. एक शिकली, एक राहिली. एर्मिनिया त्याच शाळेत शिक्षिका झाली. सालोमे तिसरीनंतर आईबरोबर नदीवर धुणं धुवायला जाऊ लागली आणि आयुष्यभर धूतच राहिली. पण मैत्री तुटली नाही. सालोमेच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता म्हणून एर्मिनियानंच हातावर घेतलं, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींना कुमारे म्हणायला लागल्या. आमच्याकडं कुमारेचं नातं सख्ख्या बहिणीहून वरचं. बहिणीशी भांडता येतं, कुमारेशी भांडलं की पोरावर अपशकुन.

मग शाळेला नवी खोली बांधायची ठरली आणि पेरू तोडला. बाकीचं झाड कुणाकुणाच्या चुलीत गेलं. सालोमेनं मला उचललं, खांद्यावर टाकलं आणि घरी नेऊन पत्र्याच्या डब्यात वाळू भरून उभं केलं. तेव्हापासून मी तिच्या घरचं नाताळचं झाड. सव्वीस नाताळ झाले. बढती म्हणतात ती हीच.

आता बर्फ. आमच्याकडं बर्फ म्हणजे सरबतात किसून घालतात तो. पण नाताळच्या झाडावर बर्फ हवाच, हे कुठल्या शहाण्यानं ठरवलं देव जाणे. सालोमेनं त्यावर तोड काढली. धुण्याच्या साबणाच्या उरलेल्या चिपा वर्षभर डब्यात साठवायच्या. डिसेंबर लागला की त्या किसायच्या, वर गरम पाणी ओतायचं आणि नारळाच्या हिरांच्या जुडीनं घुसळत बसायचं, हात भरून येईपर्यंत. फेस ताठ उभा राहिला की कपड्यांना घालतात ती कांजी थोडी. मग बोटांनी माझ्या अंगावर उडवायचा. वाळला की बर्फ. खरा बर्फ मी पाहिलेला नाही, पण तो याहून पांढरा असेल असं मला वाटत नाही. आणि तो कपडे तर धूत नाहीच.

दागिने? दुधाच्या डब्यांच्या झाकणांच्या चांदण्या. माशांचे मोठे खवले उकळून, वाळवून, निळीत बुडवून केलेली फुलं. दुकानातल्या गोळ्यांचे चकचकीत कागद. आणि बटणं. ती माझी खास दौलत. सगळ्या गावाचे कपडे सालोमेकडं, आणि सगळ्या गावाची तुटलेली बटणं तिच्या परातीच्या तळाशी. ज्याचं त्यानं मागितलं तर ती परत द्यायची. नाहीच मागितलं तर दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात. गावच्या कापितानच्या, म्हणजे आमच्या सरपंचाच्या, विजारीचं बटण अकरा वर्षं माझ्याकडं आहे. पोट वाढलं की बटण जातं, पण माणूस म्हणतो धोबिणीनं हरवलं. चॅपलमध्ये गिटार वाजवणारा म्हातारा बेर्तिंग दर नाताळला येऊन माझ्यावर आपलं बटण शोधतो आणि "राहू दे, तिथंच शोभतंय" म्हणून उघड्या छातीनं परत जातो.

बेर्तिंगनंच मला चॅपलमध्ये नेलं. नाताळच्या आधी नऊ दिवस पहाटेच्या प्रार्थना असतात, त्या नऊ पहाटे मी गोठ्याच्या देखाव्याशेजारी उभा राहायचो. बावीस वर्षं ती जागा माझी होती. सालोमे मागच्या बाकावर बसायची, पण तिची मान पुढच्या बाकाच्या वर असायची.

आणि मग तीन वर्षांपूर्वी बिशपसाहेब येणार असं ठरलं.

एर्मिनिया तोवर निवृत्त होऊन सजावट समितीची प्रमुख झाली होती. शिक्षिका निवृत्त झाली की तिला छडीची सवय सुटत नाही. तिनं शहरातून प्लास्टिकचं हिरवं झाड मागवलं. सालोमे मला घेऊन आली तेव्हा ते माझ्या जागेवर उभं होतं.

"वाईट वाटून घेऊ नकोस, कुमारे," एर्मिनिया म्हणाली. "पण याला धुण्याचा वास येतो गं. बिशपसाहेब अगदी समोर बसणार."

"साबणाला साबणाचाच वास येणार."

"तेच म्हणते मी."

मला मागच्या बाजूला, स्वयंपाकाच्या पडवीबाहेर ठेवलं. शेजारी डुकराचं कुंपण. डुकरांना माझा वास आवडला, एवढं त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवतो. पहाटे पावसाची भुरभुर आली आणि मला फेस आला. अंगावरचा बर्फ ओघळून पायाशी साचला, कागद गळले, दोरे तुटले, बटणं चिखलात. आत गाणी चालली होती. सालोमे बाहेर येऊन गुडघ्यावर बसली आणि चिखलातून एकेक बटण वेचायला लागली.

एर्मिनिया छत्री घेऊन आली. "उद्या वेच ना. कपडे खराब होतील तुझे."

"कपडे मीच धुते, बाई," सालोमे म्हणाली.

त्या दिवसापासून कुमारे संपली आणि बाई सुरू झाली. धुणं सोडलं नाही सालोमेनं, ते सोडलं तर भांडण झालं असं गाव म्हणेल. पण एर्मिनियाच्या घराची पायरी ती चढली नाही. गाठोडं फाटकाला अडकवायची, मळकं तिथूनच उचलायची. हाक आली तर "हो बाई", "नाही बाई". इस्त्री मात्र अशी कडक करायची, की कॉलरनं मान कापावी.

तिला काय हवं होतं ते मला माहीत आहे, कारण ती माझ्याशी बोलते. तिला एवढंच हवं होतं, की एर्मिनियानं सगळ्यांसमोर उभं राहून म्हणावं, चूक माझी झाली. मला मात्र तिचा एखादा डोळा चालला असता. मी तीन वर्षं एक काटकी टोकदार ठेवली होती. पण ती आमच्या घरी येईना आणि मी तिच्या घरी जाईना.

यंदा ऑक्टोबरात वादळ आलं. चॅपलचं छप्पर उडालं आणि आतलं प्लास्टिकचं झाडही. हे मी केलं असं म्हणायला मला फार आवडेल. वाऱ्यानं केलं. चौथ्या दिवशी ते कोळ्यांच्या जाळ्यात सापडलं, पोटात दोन खेकडे घेऊन. मी इतका हसलो की डब्यातली वाळू सांडली.

नव्या पाद्रींनी सांगून टाकलं, यंदा विकतचं काही टांगायचं नाही. घरात असेल त्यातनंच झाड सजवा. समितीची प्रमुख कोण? एर्मिनिया. हातानं झाड सजवायला कुणाला येतं? सालोमेला. देवाला हिशेब येत नाही म्हणतात, पण तो किमान चौथीपर्यंत शिकला असावा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एर्मिनिया आली आणि आमच्या पायऱ्यांखाली उभी राहिली.

"झाड देशील?"

"नको बाई. माझ्या झाडाला वास येतो."

एर्मिनिया म्हणाली, "बरं. कसं करायचं तेवढं तरी सांगशील?"

सालोमेनं सांगितलं. चिपा, गरम पाणी, हिरांची जुडी, कांजी. सगळं खरं. आणि शेवटी, शर्टाची बाही उलटी करता करता, अगदी सहज: "वाळला की वरून साखरेचा पाक मारायचा. दाट. त्याशिवाय चकाकी येत नाही."

मी दाराआडून ऐकलं आणि माझ्या साली उभ्या राहिल्या. तिसरी शिकलेल्या बाईच्या डोक्यात एवढं बसतं?

"पाक?" एर्मिनियानं विचारलं.

"चांगला दोन-तीन हात."

एर्मिनियानं तिच्याकडं पाहिलं. मग "बरं" म्हणाली आणि गेली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. सालोमेनं घरी येऊन मला तीनदा सांगितलं, आणि तिसऱ्या वेळी मुंग्या सगळ्यात जास्त होत्या. तेव्हा मधलं धरून सांगतो.

पहिल्या पहाटेला चॅपल भरलं. झाड असं लखलखत होतं की लोकांनी हात जोडले. पहिलं गाणं होईतो ठीक. दुसऱ्या गाण्याला वाशावरून तांबड्या मुंग्यांची एक ओळ उतरली. प्रवचनापर्यंत चार ओळी. बाळ येशू चोवीस तारखेपर्यंत गव्हाणीत ठेवत नाहीत, जागा रिकामी असते. ती त्यांनी घेतली. तिथून गायनमंडळाच्या अंगावर. बेर्तिंगच्या गिटारीत शिरल्या, आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा इतकं जलद वाजवलं. सुताराच्या पोरीनं बर्फाला जीभ लावली, गोड लागला म्हणून चाटत सुटली, आणि "आमेन" म्हणायला तोंड उघडलं तर फुगे. पाद्री झग्याच्या आत खाजवत आशीर्वाद देत होते. कापितान तर बाकावरच चढला.

आणि एर्मिनिया झाडाजवळ गेली. दोन्ही हातांनी मिठीत धरलं, तसंच उचलून बाहेर नेलं. मुंग्या कोपरापर्यंत. परत येऊन सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माझी झाली. पाक मी लावला."

सालोमेचं नाव नाही घेतलं.

शब्द अगदी सालोमेला हवे होते तेच. विषय तेवढा पाकाचा. तिनं मला तीनदा सांगितलं तेव्हा तिन्ही वेळा इथंच अडखळली. मी म्हणालो, घाबरली असेल तुझं नाव घ्यायला. सालोमे काही बोलली नाही. माझं बोलणं तिला ऐकू येत नाही, हे एक. पण एरवी ती मान तरी हलवते.

आज मी दाराआड उभा आहे. यंदा माझ्यावर बर्फ नाही; चिपा किसून तशाच पडल्यात. माझ्या फांद्यांवर कुणाचे तरी मोजे वाळतायत. साल सुटलीय, एका बाजूला भुंगा लागलाय, पुढच्या नाताळपर्यंत उभा असेन असं नाही. माझी एकच मागणी आहे. मला चुलीत घालायचंच तर खुशाल घाला, पेरूचं लाकूड चांगलं जळतं. पण ती बाई भांडायला येईपर्यंत थांबा. तिचं रडवेलं तोंड मला पाहायचंय. एवढं पदरात पडलं की मी धूर व्हायला तयार आहे.

आणि पाहा, ती आलीच. हात कोपरापर्यंत सुजलेले, त्यावर गुलाबी औषध फासलेलं. मळक्या कपड्यांचं गाठोडं स्वतः उचलून आणलंय. न विचारता पायऱ्या चढून आत आली.

"मी आले असते ना न्यायला, बाई," सालोमे म्हणाली.

"फाटकापर्यंत?"

"जिथून नेते तिथून."

एर्मिनियानं गाठोडं खाली ठेवलं आणि पाटावर बसली. माझ्याकडं नजर गेली. "याला अजून ठेवलंयस होय?"

"तो कुणाला चावत नाही."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मोज्यांमुळं जमलं नाही.

"पाक जास्त झाला असेल तुमच्या हातून," सालोमे पुढं म्हणाली. आवाज साखरेहून गोड. "मी सांगितला त्यापेक्षा."

"तू सांगितलास तेवढाच मारला. तीन हात."

"मग साखरच वाईट असेल."

एर्मिनिया सुजल्या हातांवर फुंकर घालत होती. "सालोमे, माझ्या घरी साखरेची बरणी पाण्याच्या ताटलीत उभी असते. लग्न झाल्यापासून. ती ताटली कशाला असते, तूच सांग."

सालोमे गाठोड्याची गाठ सोडत होती. तिची बोटं गाठीवरच राहिली.

"ठाऊक होतं तर लावलास कशाला?"

"तीन वर्षं फाटकावरूनच परत जातेस तू," एर्मिनिया म्हणाली. "त्यापेक्षा मुंग्या परवडल्या."