दिवा पेटलेला ठेवूनच

मिरचीने स्कॅनर बाबांच्या हातातून हिसकावूनच घेतला. व्हॅनवाल्या मावशी बघत राहिल्या.

"पुसू नका," ती म्हणाली. "आधी मला वाचू द्या."

मिरची हे तिचं घरातलं नाव, आणि ते जिभेमुळे पडलं होतं हे सांगायला नको. गॅरेज बापलेकीचं, पण वळण बाबांचं. इंजिनाचा पिवळा दिवा लागलेली गाडी आली की ते स्कॅनर जोडायचे, दोषाचा कोड बघायचे आणि लगेच पुसून टाकायचे. पाटी कोरी केली की खरा दोष पुन्हा वर येतो, हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान. पण कोडबरोबर दोष आला त्या क्षणाची नोंदही जाते: इंजिन किती तापलं होतं, गाडी चालत होती की उभी. चोर पळाल्यावर त्याच्या पावलांवरून झाडू मारायचा, आणि मग चोर सापडत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा, असला प्रकार.

मावशींची शाळेची व्हॅन सकाळी पहिल्या थांब्यांवर मुलांसकट बंद पडायची. कोड सांगत होता, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. बाबांनी सेन्सर बदलला, मग बदललेलाही बदलला. दिवा काही हटेना.

"मग तूच बघ!" बाबा भडकले. "पण ही गाडी याच दिव्यासाठी परत आली, तर गॅरेजची किल्ली तुझ्या दादाकडे. त्याला इथे टायरचं दुकान टाकायचंच आहे."

या गॅरेजशिवाय मिरचीला दुसरं काही नको होतं.

"चालेल," ती म्हणाली.

नोंद वाचली आणि तिचे डोळे चमकले. दोष आला तेव्हा इंजिन थंडगार होतं आणि गाडी जागेवर उभी. बाबांनी मात्र दरवेळी चालवत आणलेली, तापलेली गाडी तपासली होती.

"मावशी, गाडी आज इथेच राहील."

"आणि उद्या मुलांना काय खांद्यावर नेऊ?"

"शाळेच्या आधी देते."

सकाळी तिने थंड इंजिन सुरू केलं आणि इंजिनात हवा नेणाऱ्या रबरी नळीवर पिचकारीने पाणी मारत गेली. नळी आवळणाऱ्या एका पट्टीजवळ पाणी पडताच बारीक सूं सूं आवाज थांबला आणि इंजिनाचा सूर बदलला. पट्टीखाली जादा हवा आत घेणारी चीर होती. रबर तापलं की मिटायची, थंड झालं की उघडायची. मिरचीने नवी नळी बसवली.

"झालं ना? आता तरी पूस," बाबा म्हणाले.

"नाही. दिवा पेटलेला ठेवूनच देणार."

"पेटल्या दिव्याने इथून एक गाडी गेलेली नाही! लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. दोष गेला असेल, तर काही फेऱ्यांनी इंजिन आपणहून दिवा बंद करेल. नसेल, तर मलाच कळू दे. मावशी, बंद पडली तर माझ्या नावाने बोंब मारा."

नंतरचे दिवस तिचे तिलाच माहीत. रस्त्यावर व्हॅन वाजली की हातातला पाना थांबायचा. तोंड मात्र तसंच तिखट.

आणि एके दिवशी व्हॅन दारात येऊन उभी राहिली.

"आली परत!" बाबा खिशातून किल्ली काढतच उठले.

"दिवा?" मिरची पाना टाकून बाहेर धावली.

"तो होय? कधीच गेला," मावशी म्हणाल्या. "पोरांच्या गोंधळात कळलंसुद्धा नाही."

"मग आलात कशाला?"

"चाकात हवा कमी आहे गं."

बाबांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतः आत बसून गाडी सुरू केली, बराच वेळ डॅशबोर्डकडे टक लावून पाहिलं, मग उतरून गॅरेजची किल्ली तिच्यासमोर धरली.

"किल्ली ठेवा तुमच्याकडे," मिरची म्हणाली. "स्कॅनर माझ्याकडे राहील. मी वाचल्याशिवाय कुणी काही पुसायचं नाही. तुम्हीसुद्धा."

"आणि दादाला काय सांगू?"

"दुसरीकडे जागा बघ म्हणावं."

बाबा हवेची नळी ओढत मावशींच्या चाकापाशी जाऊन बसले.