वर बघणारी न्यूम्बे

बशीत कप किणकिणला. न्यूम्बे गुडघे टेकून आजीला चहा देत होती. मान खाली, नजर कपावर. आणि दोन्ही बुबुळं नाकाकडे वळलेली.

तिच्या आईने, खाइन्झाने ते लगेच पाहिलं. कालच तर संदेष्टा वामोनोने हे डोळे सरळ केले होते, सगळ्या गावादेखत! आधी गुडघ्यावर बसवलं, मग ट्रकवरच्या मंचावरून गरजला, "ऊठ मुली! वानाले डोंगराच्या कड्यावर देवदूत उभाय, बघ त्याच्याकडे!" न्यूम्बेने वर पाहिलं. डोळे सरळ! बायकांनी किलकाऱ्या फोडल्या. खाइन्झा तर रडलीच होती.

"सासूबाई, तिच्याकडे बघा तरी."

"मी चहाकडे बघतेय," म्हातारी म्हणाली. "आज ठरलेली डोळ्यांची शस्त्रक्रिया करायची नाही. चाकू लागला की दृष्टी जाईल, संदेष्टा म्हणालाय."

बाहेर इस्पितळाची गाडी थांबली. मागोमाग वामोनो आणि त्याचा जथा.

"डोळ्यांचं पथक उद्या परत जाणार," डॉक्टर नाकायेंझे उतरता उतरता म्हणाल्या. "पुन्हा कधी येईल, मलाही ठाऊक नाही."

"माझा हात फिरला तिथे चाकूचं काय काम?" वामोनोने हात पसरले. "देवाचं काम दुरुस्त करणारी तू कोण गं, डॉक्टरीणबाई?"

गर्दीने माना डोलावल्या. खाइन्झा पुढे झाली.

"न्यूम्बे, पाहुण्यांना नमस्कार नाही केलास?"

पोरगी रीतीप्रमाणे गुडघ्यांवर बसली, नजर खाली.

"महाराज, वाकून तिच्या डोळ्यांत बघा आणि आशीर्वाद द्या."

तो वाकला. लोकही वाकले. बुबुळं नाकाशी.

"शंका! या घरात शंका शिरलीय!" वामोनो ओरडला.

"ऊठ गं. कड्याकडे बघ," खाइन्झा म्हणाली. सरळ. "बस खाली." वळले. "ऊठ." पुन्हा सरळ.

"शंका भलतीच चपळ दिसतेय," मागून कुणी म्हातारा बोलला. कुणीतरी फिस्सकन हसलं.

मोठ्यांपुढे मुलीने मान वर करायची नसते. त्यामुळे वर बघणारी न्यूम्बे कुणी कधी नीट पाहिलीच नव्हती. वामोनोने तेवढंच हेरलं होतं.

"डोळा हलवणाऱ्या स्नायूंचा तोल बिघडलाय," डॉक्टर म्हणाल्या. "खाली बघताना आतली ओढ वाढते, वर बघताना कमी होते. नाकाकडचे स्नायू सोडवून थोडे मागे, जरा खाली शिवायचे."

"मग नक्की सरळ होतील?" सासूबाईंनी पुढे येत विचारलं.

"बहुतेकांचे होतात. काहींना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागते, काहींना चष्मा. शंभर टक्के हमी फक्त ट्रकवरून मिळते."

वामोनो ट्रककडे सरकू लागला. खाइन्झा लोकांकडे वळली. "काल मीही रडले. त्याने दाखवलं तेवढंच बघितलं. खरी गोष्ट वरून बघा, खालून बघा, खरीच राहते. तपासून बघण्यात कसलं आलंय पाप?"

सासूबाई आत गेल्या आणि भाजलेली केळी फडक्यात बांधून घेऊन आल्या. "शुद्धीवर आली की दे. आधी नको."

गाडी निघाली. न्यूम्बे खिडकीतून कड्याकडे बघत होती. डोळे अगदी सरळ.

"आई, वर बघितलं की मी सरळ दिसते ना?"

"हो गं राणी."

"मग सगळे मला खालीच का बघायला लावतात?"